सुरगाठ

बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या शिडाच्या जहाजाकडे पाहणाऱ्याची नजर आधी डोलकाठ्यांच्या टोकांपर्यंत चढते आणि तिथून आभाळात निघून जाते. काठ्यांना आडव्या लावलेल्या वाशांवर गुंडाळून ठेवलेल्या कापडावर ती क्वचितच थांबते. ठरावीक अंतरावर दोरीने आवळलेले, उन्हापावसाने करडे पडलेले ते लांबलचक कापड दुरून अंथरुणाच्या वळकटीसारखे दिसते, आणि भिंतीशी लावलेली वळकटी पाहून झोपेची जितपत कल्पना येते तितपतच त्या गुंडाळीवरून प्रवासाची येते. जहाज म्हटले की मनात उभे राहते ते भरलेले शीड. चित्रकारांचाही कल पूर्वापार तिकडेच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेल्या जहाजावर उंच, अरुंद अशी तीन शिडे ओळीने उभारलेली दिसतात. अजिंठ्याच्या जहाजचित्राचा आधार घेऊन गोव्यात बांधलेले, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ साली कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या रेषांतून जहाजाचा घाट आणि शिडांचा आकार हाती लागला. परंतु वारा वाढल्यावर ती तीन शिडे कोणी, किती वेळात आणि कशी खाली घेतली, हे चित्र सांगत नाही. उभारलेले शीड रंगवले जाते आणि आवरलेले शीड विस्मरणात जाते.

मराठीत या कामाला ‘शीड आवरणे’ म्हणता येते, आणि ‘आवरणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. स्वयंपाकघर आवरले जाते, पसारा आवरला जातो, संध्याकाळी दुकान आवरले जाते. तसाच उधळलेला घोडा आवरला जातो, हुंदका आवरला जातो, राग आवरला जातो. आणि लांबत चाललेले भाषण आवरते घेतले जाते. नीटनेटके करणे, काबूत आणणे आणि वेळेवर थांबवणे असे तीन निराळे अर्थ एकाच शब्दात नांदतात. घरातल्या पसाऱ्याला काबूत आणावे लागत नाही आणि घोड्याची घडी घालावी लागत नाही. शिडाच्या बाबतीत मात्र हे तिन्ही अर्थ एकाच वेळी, एकाच हाताने पार पाडावे लागतात, कारण शीड हे कापड असते, त्यात वारा शिरला की ते जनावर होते, आणि ते कधी उतरवावे हा प्रश्न नेहमीच वेळेचा असतो.

शिडाला जनावर म्हणण्यात अतिशयोक्ती थोडी आहे. कापडाचे लांब पट्टे एकमेकांना शिवून शीड तयार होते, आणि ते पट्टे कापताना कडांना असे गोलावे दिले जातात की वारा भरल्यावर कापडाला मधोमध पोट यावे. वारा पाठीमागून आला तर हे पोट जहाजाला ढकलते. वारा बाजूने आला तर तेच पोट पक्ष्याच्या पंखासारखे काम करते आणि जहाज पुढे ओढले जाते. या सगळ्या शक्तीचा लगाम म्हणजे शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याला बांधलेला एक दोर. तो किती ताणावा आणि किती सैल सोडावा याचे ज्ञान पुस्तकांपेक्षा तळहाताला अधिक असते. शिडाची पुढची कड फडफडू लागेपर्यंत दोर सोडत न्यायचा आणि फडफड थांबेल इतकाच परत ओढायचा, असा जुना, साधा नियम आहे. त्याहून अधिक ताणलेले शीड पाहणाऱ्याला जोरकस वाटते, पण जहाज त्याने मंदावते आणि कलते. ताणाची योग्य जागा फडफडीच्या किंचित अलीकडे असते, आणि वारा क्षणोक्षणी सरकत असल्यामुळे ती जागाही पुनःपुन्हा शोधावी लागते.

शीड आवरण्याच्या रीती समुद्रागणिक बदलतात. ढोबळ मानाने पाहिले तर त्यांच्यात दोन घराणी दिसतात. एका घराण्यात माणूस शिडाकडे जातो, दुसऱ्यात शीड माणसाकडे येते.

पहिले घराणे युरोपातील चौकोनी शिडांच्या मोठ्या जहाजांचे. या जहाजांत डोलकाठीवर एकावर एक असे अनेक आडवे वासे असतात आणि प्रत्येक वाशाला एक शीड लटकते. ते आवरायचे झाले की आधी डेकवरूनच दोर ओढून शिडाचे खालचे कोपरे आणि खालची कड वर वाशाकडे खेचली जाते. वारा सांडून गेलेले कापड चुण्याचुण्यांनी वाशाखाली लोंबू लागते. त्यानंतरचे काम दोरांच्या आवाक्यातले नसते. खलाशी डोलकाठीला आधार देणाऱ्या दोरांच्या शिडीवरून वर चढतात, आणि चढतात ते नेहमी वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा त्यांना शिडीवरून उचलण्याऐवजी शिडीवर दाबून धरतो. वर पोचल्यावर वाशाखाली टांगलेल्या एका दोरावर पाय रोवून, वाशावर पोट टेकवून, दोन्ही हातांनी ते ओले, ताठरलेले कापड मुठी-मुठीने वर ओढले जाते, पोटाखाली दाबून धरले जाते, पुन्हा ओढले जाते, आणि शेवटी त्याची घट्ट गुंडाळी वाशाच्या माथ्यावर बसवून आखूड दोऱ्यांनी बांधली जाते. पाय एका दोरावर, पोट एका लाकडावर, आणि दोन्ही हात कामात. एक हात जहाजासाठी आणि एक स्वतःसाठी, ही खलाशांची प्रसिद्ध शिकवण प्रत्यक्ष शीड आवरताना पाळणे जवळजवळ अशक्य असते.

हार्वर्डमधील शिक्षण दृष्टिदोषामुळे अर्धवट सोडून १८३४ साली बोस्टनहून साधा खलाशी म्हणून निघालेल्या रिचर्ड हेन्री डाना याने १८४० मध्ये आपल्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या कामाचे बारीकसारीक तपशील आहेत. त्यातून दिसते की वाशावर उभ्या राहिलेल्या माणसांतही मानाच्या जागा ठरलेल्या असत. शीड पुरते न उतरवता त्याचा वरचा पट्टा दुमडून ते फक्त लहान करायचे असेल, तर वाशाच्या वाऱ्याकडील टोकाची जागा मानाची, कारण तिथला कोपरा आधी बांधला गेल्याखेरीज इतरांना काही करता येत नाही. शीड पूर्णच गुंडाळायचे असेल, तर मान मध्यभागी सरकतो, कारण कापडाचा सगळा फुगवटा तिथे गोळा होतो आणि तो वाशावर नीट बसवणे हे सर्वांत अवघड. कामाचे स्वरूप बदलले की मानाची जागा बदलते, ही व्यवस्था जमिनीवरच्या संस्थांना फारशी साधलेली नाही. गुंडाळीच्याही दोन जाती होत्या. बंदरात घातलेली घडी देखणी असे, सुरकुती दिसू न देणारी, किनाऱ्यावरच्या पाहणाऱ्यांसाठी घातलेली. समुद्रात घातलेली घडी वाऱ्याला आत शिरायला फट न ठेवणारी, एवढाच तिचा गुण. कुठल्या घडीला कुठे वेळ द्यायचा हे कळण्यात खलाशाचे शहाणपण दिसे.

हे घराणे परके असले तरी ते कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला अनोळखी राहिलेले नाही. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले आणि १९९७ साली नौदलात आलेले ‘तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण-जहाज याच पद्धतीचे आहे. त्याच्या पुढच्या दोन काठ्यांवर चौकोनी शिडे आहेत आणि मागच्या काठीवर जहाजाच्या लांबीच्या रेषेत उभी राहणारी शिडे. इंजिनांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या नौदलात दाखल होणाऱ्या तरुणांना आधी दोराच्या शिडीवर चढायला लावण्यामागे जुन्याची हौस नाही. वारा कुठून येतो हे पडद्यावर वाचणे आणि वाशावर पोट टेकवून अंगावर घेणे या दोन ज्ञानांत अंतर असते, आणि ते अंतर पुढे जहाज चालवणाऱ्याला एकदा तरी ठाऊक असावे अशी ती योजना आहे.

दुसरे घराणे अरबी समुद्राचे, आणि म्हणून कोकणाचेही. इथले शीड दुरून त्रिकोणी दिसते; जवळून पाहिले तर पुष्कळदा त्याचा पुढचा कोपरा छाटलेला असतो आणि त्याला चौथी, आखूड बाजू असते. ते एका लांब, तिरक्या वाशाला बांधलेले असते. हा वासा डोलकाठीपेक्षाही लांब असू शकतो, आणि तेवढे सरळ लाकूड एकसंध मिळणे दुर्मीळ असल्यामुळे दोन-तीन तुकडे एकमेकांना दोरांनी जखडून तो तयार केला जातो. आखूड, किंचित पुढे झुकलेल्या डोलकाठीवर कप्पीतून गेलेल्या जाड दोराने तो वर खेचला जातो आणि शीड आवरायचे असेल तेव्हा सबंध वासाच खाली घेतला जातो. डेकवर उतरलेले कापड मग खलाशी उभ्याउभ्या, प्रसंगी त्यावर बसून, गुंडाळतात. वर चढण्याचे धाडस इथे कमी लागते. त्याऐवजी अनेक हातांचे एकाच वेळी ओढणे लागते, आणि ते साधण्यासाठी गाण्याचा ठेका लागतो. १९३८-३९ च्या मोसमात कुवेतच्या एका शिडाच्या जहाजावरून अरबस्तान ते पूर्व आफ्रिका असा प्रवास करणारा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी ॲलन व्हिलियर्स हा युरोपीय चौकोनी शिडांच्या जहाजांवर वाढलेला माणूस होता. एका घराण्यात मुरलेल्या गवयाने दुसऱ्या घराण्याची मैफल ऐकावी, तसे ते पाहणे होते.

या शिडाला आपली म्हणून एक अडचण आहे. जहाजाने वाऱ्याची एक बाजू सोडून दुसरी घ्यायची ठरवली की तिरका वासा डोलकाठीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाला न्यावा लागतो. त्यासाठी जहाजाची पाठ वाऱ्याकडे वळवली जाते, शीड सैल सोडून पुढे उडू दिले जाते, वाशाचे खालचे टोक डोलकाठीच्या बुंध्याशी ओढून वासा जवळजवळ उभा केला जातो, आणि मग तो सगळा डोलारा काठीच्या पुढून पलीकडे फिरवला जातो. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण मराठी माणूस दुर्दैवाच्या संदर्भात वापरतो. अरबी समुद्रातल्या जहाजावर मात्र घर फिरल्यावर वासा फिरलाच पाहिजे, आणि तो फिरला नाही तरच दुर्दैव. शिवाय चौकोनी शिडाप्रमाणे हे शीड दुमडून लहान करण्याची रीत इथे सहसा नव्हती. जोराच्या वाऱ्यासाठी लहान शीड, मंद वाऱ्यासाठी मोठे, अशी निरनिराळी शिडे जहाजावर बाळगली जात, आणि वारा बदलला की वासा उतरवून, जुने सोडून, नवे बांधून, वासा पुन्हा चढवला जाई. एवढा खटाटोप करायचा तर तो वारा अंगावर येण्याआधीच करायला हवा. या पद्धतीने कोकणातल्या तांडेलाला, म्हणजे नावेवरच्या खलाशांच्या म्होरक्याला, आभाळ आगाऊ वाचण्याची सवय लावली असावी.

आंग्र्यांच्या आरमारातील गलबते याच घराण्यातली. साधारण ७० टनांहून लहान असलेल्या या नौकांवर दोन डोलकाठ्या असत. मोठीवर एक भले मोठे त्रिकोणी शीड, मागचीवर लहान. शिवाय दोन्ही बाजूंना वल्ह्यांच्या रांगा. वारा पडला की चौकोनी शिडांचे उंच इंग्रजी जहाज कापड लोंबकळत जागीच उभे राही, आणि त्याच वेळी गलबते वल्ही मारीत, तोफांची रांग टाळून, त्याच्या पिछाडीकडे येत. कान्होजी आंग्रे यांच्या, म्हणजे १७२९ पर्यंतच्या काळात मुंबईकर इंग्रजांना जी धास्ती वाटे, तिच्यामागे किल्ले आणि तोफा होत्या तशी वाऱ्याविनाही चालता येण्याची ही सोयही होती. ज्याला शिडावाचून जाता येते त्यालाच शीड निःशंकपणे खाली घेता येते.

कापडाचीही एक आडवाट इथे आहे. मुंबईच्या डोंगरी भागाशी ज्याचे नाव जोडले जाते ते जाडेभरडे सुती कापड शिडांसाठी आणि तंबूंसाठी वापरले जाई. खलाशांनी त्याचेच कपडे शिवून घेतले, शब्द इंग्रजीत गेला, आणि तिथून ‘डंगरी’ म्हणून लहान मुलांच्या पोशाखाचे नाव होऊन परत मुंबईच्या दुकानांत आला. सुती शिडाला ओल सोसत नाही. ओले असताना घडी घातली तर त्याला बुरशी धरते आणि पुढच्या वाऱ्यात ते शिवणीपाशी नव्हे, मधोमध फाटते. म्हणून घाईने आवरलेले शीड सवड मिळताच पुन्हा उलगडून वाळवावे लागे. आवरणे हे एकदा करून संपणारे काम नसते, हे घर चालवणाऱ्या कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही.

वाऱ्याचे आणि आवरण्याचे नाते किती जुळलेले आहे याचा एक दाखला वेधशाळांच्या भाषेत अजून जिवंत आहे. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०६ च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत वाऱ्याच्या पायऱ्या लिहून काढल्या. पुढे त्या शून्य ते बारा अशा रूढ झाल्या आणि १८३८ साली ब्रिटिश नौदलाने त्या स्वीकारल्या. त्या काळी समुद्रावर वाऱ्याचा वेग मोजणारे भरवशाचे यंत्र नव्हते, म्हणून जोरदार वाऱ्यांच्या पायऱ्या युद्धनौकेला किती शिडे झेपतील यावरून सांगितल्या गेल्या: अमुक वाऱ्यात सगळी शिडे चालतील, तमुक वाऱ्यात इतकी दुमडावी लागतील, आणि बाराव्या पायरीवर कुठलेच कापड टिकणार नाही. अदृश्य गोष्टीचे माप तिच्यापुढे काय काय उतरवून ठेवावे लागले यावरून घेण्याची ही रीत शास्त्रीय असूनही फार मानवी आहे. माणसे आपल्या आयुष्यातल्या वादळांविषयी बोलतात तेव्हा वेगाचे आकडे देत नाहीत. त्या वर्षी घर विकले, शिक्षण सोडले, गाव सुटले, असेच सांगतात.

शीड कधी आवरावे याचे उत्तर जुन्या खलाशांनी असे दिले आहे की, आवरावे का असा प्रश्न मनात प्रथम आला तीच वेळ. कारण वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, आणि काही मिनिटांपूर्वी दोन हातांनी गोळा झाले असते ते कापड आठ हातांना आवरत नाही. कोकणाच्या किनाऱ्यावर रात्री जमिनीकडून सुटणारे मतलई वारे आणि दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे यांचा रोजचा फेरा इतका नियमित असतो की त्याने माणूस निर्धास्त व्हावा. मे महिन्याच्या अखेरीस पश्चिमेला काळोखी धरू लागली की तो नियम मोडतो. अशा वेळी आधी आवरणारा भित्रा ठरण्याचा धोका असतो आणि उशिरा आवरणाऱ्याचे कौतुक तो सुखरूप परतला तरच होते.

नव्या नौकांनी हाताचे काम हलके केले आहे. गोव्यात दिवाडी बेटावरील गोदीत बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टोमी यांनी २०१२-१३ मध्ये, टोमी यांनी तर कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा नौकांवर पुढचे शीड एका फिरत्या गुंडाळीवर चढवता येते; मागे बसून दोर ओढला की ते पडद्यासारखे स्वतःभोवती गुंडाळत जाते. तरीही दोर अडकतो आणि रात्री कोणाला तरी ओल्या डेकवरून पुढे जावेच लागते; आणि एकट्याच्या नौकेवर तो ‘कोणी तरी’ ठरलेला असतो. शिवाय आवरण्याची कला समुद्राकडून कुठलेही वचन घेत नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत असताना, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात टोमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. २०२३ मध्ये त्यांनी तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पुरी केली.

गुंडाळलेल्या शिडावरची शेवटची क्रिया गाठीची. मराठीत गाठींच्या दोन मुख्य जाती आहेत: जी ओढली की अधिकच आवळते आणि सोडवताना नखे दुखवते ती निरगाठ, आणि जिचे एक टोक ओढताच ती सुटते ती सुरगाठ. शीड बांधताना सुरगाठच मारली जाते. वादळात सुटू नये इतकी घट्ट आणि अंधारात, बधिर बोटांनी, एका ओढीत सुटावी इतकी सैल, अशी तिची दुहेरी अट असते. निरगाठ मारणारा खलाशी आज सुरक्षित असतो आणि उद्या अडकतो. ‘खलाशी’ हा शब्द कोशकार अरबी ‘खलास’ या शब्दाशी जोडतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ सुटका असा आहे. मराठीने त्यातला ‘संपले’ एवढाच अर्थ व्यवहारात ठेवला. सुटकेचा अर्थ खलाशाच्या नावात राहून गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या नावा खाडीत आत नेल्या जात, किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जात, आणि शिडे वासे सोडून घरात येत. त्या दिवसांत बाहेर समुद्र कोणाचेही न ऐकता गरजत असे आणि आत शीड कोरड्या जागी घडी होऊन पडलेले असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिने आली आणि त्या घड्या हळूहळू उलगडायच्या राहिल्या. जोवर शिडे होती तोवर नारळी पौर्णिमेच्या सुमारास ती अंगणात पसरली जात आणि शिवणी एकेक करून तपासल्या जात.